मामीच्या बोटांचे पडदे

बाभळींना कापूस लागला की वेचणी ऐन भरात आली असं समजावं. पुसदहून निघणाऱ्या रस्त्यावर सध्या रोज गाड्या जातात. जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेल्या, कापसाने फुगून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओघळणाऱ्या. रस्ता अरुंद झाला की कडेच्या बाभळी त्यांच्यातून चिमूटचिमूट कापूस ओढून घेतात. महिनाभरात काट्याकाट्यावर पांढरं काहीतरी उमलल्यासारखं दिसू लागतं. मी ज्या शाळेत शिकवते तिथल्या मुली येता-जाता उड्या मारून तो कापूस तोडतात आणि काटा लागला की बोट तोंडात घालतात. मी हात लावत नाही. या दिवसांत माझ्या डाव्या हाताची बोटं आपोआप मुठीत जातात.

माझ्या खोलीत भिंतीवर एक युकुलेली टांगलेली आहे. भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, हे काय, लहान मुलाची सतार का? मी हो म्हणते. समजावून सांगत बसणं मला जमत नाही. लहानपणापासून मी कमी शब्दांत सुटका करून घेणारी. आणि त्या सवयीने एका हिवाळ्यात मी काय केलं, ते ही भिंत आणि मी, दोघींनाच ठाऊक आहे असं मला परवापर्यंत वाटत होतं.

युकुलेली हातभर लांबीची असते. चार तारा, तारा म्हणायच्या, पण त्या नायलॉनच्या. तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून वाजवायची. तिच्या मानेवर आडवे पडदे बसवलेले असतात, सतारीला असतात तसेच, फक्त सतारीचे पडदे बांधलेले आणि सरकवता येणारे, हिचे लाकडात चीर पाडून कायमचे रोवलेले. दोन पडद्यांमध्ये बोट टेकवायचं, तार पुढच्या पडद्यावर बसते आणि सूर निघतो. या पडद्याची उंची केवढी? ज्वारीच्या दाण्याच्या चौथाईएवढी. वाजवताना पाहणाऱ्याला तो दिसतही नाही. पण वाजवणाऱ्याचं सगळं सुखदुःख त्या चौथाई दाण्यावर असतं. पडदा झिजून बुटका झाला की बोट लाकडावर आपटतं, तार नीट टेकत नाही, घरघरते. मग आपण आणखी जोर लावतो. फार बारीक असला तर धारेसारखा लागतो. फार रुंद असला तर बोट सरकवताना उंबरठे ओलांडल्यासारखं होतं. आणि उंच असला तर? उंच पडद्याचं म्हणणं एवढंच असतं की मला जोर नको. पण हे मला फार उशिरा कळलं.

मी यवतमाळच्या एका इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहून शिकले. वडील पोस्टात, दर दोन-तीन वर्षांनी बदली. वणी झालं, पुसद झालं, मग घाटंजी. मुलीची शाळा तुटू नये म्हणून त्यांनी मला तिथे ठेवलं. शाळेत संगीत शिकवायला एक परदेशी सिस्टर होत्या. त्यांनी आपल्या देशातून येताना चार युकुलेली आणल्या होत्या. आमच्या आधी कितीतरी मुलींनी त्या वाजवून पडदे पार सपाट केले होते. तासाभराच्या सरावानंतर बोटांच्या टोकांवर तारांच्या रेघा उमटत. संध्याकाळी ताट घासताना राख लागली की चरचरत. दुसऱ्या मुली कंटाळून सोडून गेल्या. मी टिकले. मला वाटायचं, वाजवणं म्हणजे सोसणं. सिस्टरही तेच शिकवत, दाब, आणखी दाब. माझ्या बोटांत इतका जोर आला की मी दुधाच्या डब्याचं घट्ट झाकणही एका हाताने उघडायची.

शाळेत माझ्या आडनावावरून कुणाला काही कळायचं नाही, आणि मी कळू दिलं नाही. खोटं कधी बोलले नाही. फक्त सुट्टीहून आल्यावर मुली आपापल्या घरच्या गोष्टी सांगत तेव्हा मी ट्रंक आवरायला घ्यायची.

छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा मी आठ वर्षांची होते. आईचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मामा, घाटंजीला राहायचे. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या सनई होती. गावात कुणाचं लग्न असो की कुणी मेलेलं असो, आमच्या आजोबांनी जायचंच, मांडवाबाहेर बसून वाजवायचं आणि उरलेलं अन्न बांधून आणायचं. दीक्षेनंतर मामांनी सनई खुंटीला टांगली. मांडवाबाहेर बसणं सुटलं. पण हाताला आणि कानाला जे लागलं होतं ते कुठे जाणार? मामा वस्तीतल्या गायन पार्टीची पेटी दुरुस्त करू लागले, मग चाव्यांचं बुलबुल वाद्य, मग आसपासच्या गावांतले तंबोरे. मोटाररस्त्यालगत, वस्तीच्या तोंडाशी, टिनाचं छप्पर टाकून ते पोत्यावर बसत. गावातले जुने लोक येता-जाता विचारत, काय बाप्पा, सनई सोडली अन्‌ सुतार झाला का? मामा हसत आणि कानस चालवत राहत. त्या हसण्याला किती जोर लागत असेल, ते मी तेव्हा मोजलं नाही.

ती दिवाळीची सुट्टी मी सोळा वर्षांची असतानाची. सिस्टरांनी चारांपैकी एक युकुलेली माझ्यासोबत घरी दिली होती, सराव चुकू नये म्हणून. मामा भाऊबीजेला आले आणि जेवण तसंच ठेवून तिच्याकडे पाहत बसले. त्यांनी ती हातात घेतली, मानेवरून अंगठा फिरवला आणि माझी बोटं पाहायला मागितली. रेघा पाहिल्या.

"हे काय करून राह्यली तू माय? वाजवून राह्यली का गवत कापून राह्यली?"

आई हसली. मामा नाही हसले. त्यांनी विचारलं, पडदे मी नवे टाकून देऊ का, तुमच्या बाई रागावतील का? मी म्हटलं, नाही रागावणार. मग त्यांनी शाळेत अशा किती आहेत ते विचारलं. चार. जेवण झाल्यावर, पान लावता लावता, आईला उद्देशून पण मला ऐकू येईल असं म्हणाले की मामीचा भाऊ वणीला कोळशाच्या खाणीत लागला आहे आणि तिथे बोलावतो आहे. आपल्याला जमिनीखाली जायचं मन नाही. "हे एक चांगलं झालं, अन्‌ इच्या बाईनं बाकीचे तीन देल्ले, तं मी पाटी लावतो. वाद्यदुरुस्ती म्हनून. यवतमाळच्या शाळेचं काम करतो म्हटलं की लोक येतात. मंग वणीले जायाचं काम नाई."

मामांची काम करायची एक रीत होती. कुठलंही वाद्य ते वाजवणाऱ्याला समोर बसवल्याशिवाय पुरं करत नसत. पेटीवाल्याला बसवून ते पट्ट्यांचा ताण ठरवत. बुलबुलवाल्याला बसवून चाव्यांचा. मला म्हणाले, बाजाराच्या दिवशी सकाळी ये. पडदे घडवून ठेवतो, पण उंची तुझ्या बोटावर ठरवायची. कासार दुसरीच्या हातावर बांगड्या बेतत नाही.

मी गेले. हे मला आज लिहायलाच हवं, कारण चार वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी गेलेच नव्हते. पोस्टाच्या क्वार्टरपासून वस्तीपर्यंत वीस मिनिटांची वाट. रस्त्याच्या अलीकडे एक कडूनिंब होता. त्याच्याखाली उभं राहिलं की पलीकडे मामांचं छप्पर दिसे. त्या दिवशी मामांनी पांढरा धुतलेला सदरा घातला होता. रोजचं पोतं काढून तिथे लाल पट्ट्यांची सतरंजी अंथरली होती. माझ्यासाठी. पुढची जमीन पाणी शिंपडून झाडलेली होती. आणि छपरापासून दहा पावलांवर, बांगडीवाल्याच्या पाटीपाशी, जिनिंगच्या मालकांची बैलांची दमणी उभी होती. तिच्यात त्यांची मुलगी विनया बसली होती. विनया माझ्या वर्गात होती. खोलीत माझ्या शेजारच्या पलंगावर झोपायची. तिने मला पाहिलं नव्हतं. ती बांगड्या हातात घालून पाहत होती.

मी निंबाखाली किती वेळ उभी होते कोण जाणे. बाजाराला आलेली माणसं मला वळसा घालून जात होती. त्या सतरंजीवर बसायला मला रस्ता ओलांडायचा होता, एवढंच. मग मी वळले. घरी येऊन आईला सांगितलं की अंगात कणकण आहे. आईने माझ्या कपाळाला हात लावला आणि शेजारच्या बाईंकडून मामांना निरोप पाठवला.

परवा एका मुलीच्या वहीत मी 'अंगमेहनतीची लाज वाटू नये' हा निबंध तपासला. अक्षर सुंदर होतं. मी तिला पूर्ण गुण दिले आणि वही पालथी घातली.

चार दिवसांनी मामा युकुलेली घेऊन आले, पंच्यात गुंडाळून. उघडली तेव्हा मला आधी वाटलं, कुणी सोन्याचे दोरे गुंडाळलेत. बारा पितळी पडदे. उंच, गोल पाठीचे, लख्ख. दोन्ही टोकं अशी घासलेली की तळहात फिरवला तरी खरचटू नये. आईने विचारलं, एवढं चांगलं पितळ कुठून आणलं? मामा म्हणाले, होतं घरी. नंतर मामीकडून कळलं, खुंटीवरच्या सनईचं पितळी तोंड कापून त्याच्या पट्ट्या काढल्या होत्या.

"तू आजारी पडली, तं तुह्या मामीले बसवलं तुह्या जागी," मामा म्हणाले. "थिच्या बोटावर उंची ठरवली. आता दाबून पाह्य. बोटाले सुख हाये का?"

मी दाबलं. नेहमीसारखं, सिस्टरांनी शिकवलं तसं. सूर चढा निघाला. चारही तारा जणू कुणी कान धरून वर ओढल्यासारख्या. मामांच्या भुवया किंचित जवळ आल्या. पुन्हा वाजवायला त्यांनी सांगितलं असतं. त्यांच्या ओठांवर ते आलंही होतं. मी घाईने म्हटलं, छान आहे मामा. सुख आहे. आणि युकुलेली पंच्यात परत गुंडाळली.

शाळेत नाताळच्या कार्यक्रमाची तालीम सुरू होती. पहिल्याच दिवशी मी वाजवायला घेतलं आणि सिस्टरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पुन्हा वाजव म्हणाल्या. पुन्हा तेच, चढा, आंबट सूर. त्यांनी युकुलेली घेतली, खिडकीपाशी नेली, पडद्यांवरून नख फिरवलं. मग इंग्रजीत, अजिबात न रागावता विचारलं, हे कुणी केलं?

त्या प्रश्नात मामांचं सगळं होतं. पाटी होती, वणी होती. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते, माझे मामा. मग कदाचित सिस्टरांनी विचारलं असतं, ते काय म्हणाले, कसं वाजवायचं म्हणाले, त्यांना बोलावता येईल का. त्या तशाच होत्या. पण विनया माझ्या शेजारी उभी होती.

मी म्हटलं, "बाजारात एक माणूस बसतो, त्याने."

विनया हसून म्हणाली, घाटंजीच्या बाजारात तर चाळण्या आणि कंदील दुरुस्त करणारे बसतात, त्यांतल्याच एकाला दिलंस की काय? सगळ्या हसल्या. मीही हसले. हे हसणं मी विसरू शकत नाही. ते माझं मलाच ऐकू आलं, वेगळं, थोडं उशिरा निघालेलं.

सिस्टर म्हणाल्या, बिचाऱ्याला या वाद्याची माहिती नसणार, त्याचा दोष नाही. आपण नागपूरच्या दुकानात पाठवू, चारही.

पुढच्या आठवड्यात मला खरा ताप आला. तीन दिवस आजाऱ्यांच्या खोलीत होते. चौथ्या दिवशी दुपारी उठून बसता येऊ लागलं. शेजारच्या कोठीच्या खोलीत त्या चारही युकुलेली नागपूरला जाण्यासाठी पेटीत भरून ठेवल्या होत्या. वेळ जाईना म्हणून मी माझी काढली आणि पलंगावर बसले. हातात शक्ती नव्हती. बोटं तारांवर नुसती ठेवली गेली, ओल्या कपड्यासारखी. आणि सूर निघाला. नीट, भरलेला, आपल्या जागेवर बसलेला. मी दचकले. दुसरा पडदा, तिसरा, पाचवा. सगळे खरे. कुठेही घरघर नाही, बोटाखाली लाकूड नाही. तार आणि पितळ यांच्यामध्ये बोट जणू फक्त साक्षीला होतं. अर्धा तास वाजवून मी बोटं पाहिली. एकही रेघ नव्हती.

बसल्या बसल्या मला मामी आठवली. मामी वेचणीला जाणारी बाई. पिकलेल्या बोंडाची पाचही टोकं वाळून सुईसारखी झालेली असतात. नवख्या बायका मुठीने ओढतात, रक्त काढून घेतात आणि कापसात वाळल्या पानांचा चुरा आणतात. मामी तीन बोटांनी असा कापूस उचलायची की झाड हलायचं नाही. त्या बोटांवर मामांनी उंची ठरवली होती. पडद्यांत काडीचीही चूक नव्हती. चूक माझ्या जोरात होती, आणि त्याआधी निंबाखाली.

पेटी दोन दिवसांनी जायची होती. दोन दिवस. मी सिस्टरांच्या खोलीवरून किती वेळा गेले. एकदा दारात उभीही राहिले. त्यांनी वर पाहून विचारलं, बरं वाटतं का आता? मी हो म्हटलं. सुरुवात कुठून करायची तेच सुचेना. पडदे बरोबर आहेत असं सांगायचं तर ते कसे ठरवले ते सांगायला हवं. ते सांगायचं तर मी का गेले नाही ते सांगायला हवं. आणि ते सांगायचं तर मी कोण ते. एक दोरा ओढला की सगळी शिवण उसवणार होती. पेटी गेली.

नागपूरहून युकुलेली आल्या तेव्हा चारही सारख्या होत्या. बारीक, चपटे, पांढऱ्या धातूचे पडदे. दुकानदाराने माझ्या युकुलेलीचे उपटलेले पितळी पडदे एका लिफाफ्यात घालून परत पाठवले होते. सिस्टरांनी तो मला दिला, टाकून दे म्हणाल्या. मी मोजले. अकरा होते. मी ते कंपासपेटीत ठेवले. नाताळला मी वाजवलं, टाळ्या पडल्या आणि त्या संध्याकाळी माझ्या बोटांवर पुन्हा रेघा होत्या.

संक्रांतीच्या सुमाराला घरी गेले तेव्हा मामांनी काही विचारलं नाही. आईने विचारलं. मी म्हटलं, सिस्टर नागपूरला देतात कामं, त्यांची रीत आहे. मामा चुलीपाशी हात शेकत बसले होते. एवढंच म्हणाले, "बरं." शाळा मोठी, नागपूर मोठं, असं काहीतरी आईच म्हणाली. होळी झाल्यावर मामा वणीला गेले. छपराखाली काही दिवस कुणाची तरी न नेलेली पेटी पडून होती, मग तीही कुणी नेली.

शाळा संपली त्या वर्षी सिस्टर त्यांच्या देशी परत गेल्या. जाताना ती युकुलेली त्यांनी मला दिली. माझ्या सगळ्या मुलींत तू सोशिक, असं त्या म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात आईचं पत्र आलं. मामा महिनाभराच्या रजेवर घाटंजीला आले आहेत, छातीत कफ आहे, मामी वेचणीला जाते, तू एकदा ये. रविवारी मी पहिल्या मोटारीने निघाले. युकुलेली घेतली. कंपासपेटी घेतली. का घेतली, ते नीट सांगता येत नाही. वाटेत दुतर्फा शेतांतली पऱ्हाटी कापसाने पांढरी झाली होती आणि मोटारीत सगळे तुरीच्या भावाबद्दल बोलत होते.

वस्तीच्या मागच्या शेतातच मामी भेटली. कमरेला ओटी बांधलेली, ओटीत कापूस. मला पाहून थांबली नाही. वेचताना कुणी थांबत नाही. मी तिच्या तासाने, त्याच ओळीतून, चालू लागले. सहज एका बोंडाला हात घातला आणि टोक बोटात शिरलं.

"दाबू नको माय," मामी म्हणाली. "बोंडाले कळू बी नाई पाह्यजे कापूस गेला ते."

मी तिच्या बोटांकडे पाहत राहिले. अंगठा आणि दोन बोटं. टेकली न टेकली, आणि कापूस हातात. इतकी वर्षं मी त्या बोटांची एक कल्पना करून ठेवली होती, कठीण, घट्टे पडलेली. ती तशी होतीच. पण कठीण हात हलका असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मऊ हातानेच मी सगळीकडे जोर लावत आले.

मामा छपराखाली बसले होते. छप्पर अजून तसंच आहे. रजेत हात रिकामे नकोत म्हणून त्यांनी पार्टीची पेटी उघडून समोर ठेवली होती. हातांच्या रेघांमध्ये कोळसा बसला आहे. धुतला तरी जात नाही असं मामी सांगते. मी कंपासपेटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी झाकण काढलं, एक पडदा उचलून उन्हात धरला आणि लगेच ओळखला. मग सगळे तळहातावर घेतले.

"एक कमी हाये."

"नागपूरला हरवला," मी म्हटलं. आणि मग, कसं कोण जाणे, मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बाजारातला माणूस म्हटलं ते. सगळ्या हसल्या तेव्हा हसले ते. तापात सूर खरा लागला तो, आणि दोन दिवस गप्प बसले ते. फक्त आदल्या तापाबद्दल सांगताना जीभ अडली. मी म्हटलं, "त्या दिवशी बाजाराला, मामा, मला खरं तर..."

"ताप नव्हता," मामा म्हणाले. ते पडदे पेटीत एकेक करून परत मांडत होते. "मले ठावं हाये. निंबाखाली उभी होती तू. पिवळा परकर होता. मी हाक मारनार होतो. मंग पाह्यलं, शेठच्या पोरीची दमनी उभी हाये. म्हटलं, नको. तुह्या शाळंतली असन. उगा तुले अवघड."

चार वर्षं मी समजत होते की मी त्यांच्यापासून तोंड लपवलं. ते सतरंजीवर बसून माझ्यासाठी स्वतःला लपवत होते.

मामा म्हणाले, अकराही बसतील, फक्त वरचा एक राहील, तिथे बोट न्यायचं नाही म्हणजे झालं. मग कानस हातात घेऊन म्हणाले, आता तरी बसतेस का समोर? तुझ्याच बोटावर करू या वेळी. मी पोत्यावर बसले, रस्त्याकडे तोंड करून. युकुलेली मांडीवर घेतली. त्यांनी नागपूरचा पहिला पडदा उपटून काढला, आपला पितळी त्या चिरेत नुसता बसवला आणि म्हणाले, टेकव बोट. हलकं. मी टेकवलं. आणखी हलकं, म्हणाले.

तेवढ्यात यवतमाळची मोटार येऊन रस्त्यावर थांबली. खिडकीतून कुणीतरी ओळखून हाक मारली, "बाई, तुम्ही इकडे कुठे?" पुसदच्या माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील होते. मी हात जोडले. तोंड उघडणार तर माझ्या समोरची जागा रिकामी झाली. मामा उठून आत अंधारात गेले होते. पटकन, आवाज न करता, सवय असल्यासारखे.

मी मान वळवून मोठ्याने हाक मारली, "मामा, बाहेर या." मोटारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"आलो, आलो," आतून आवाज आला. "कानस पाहून राह्यलो."

कानस माझ्या पायापाशी पडली होती.